हकीम इब्ने सीना आणि मस्तकाचे दुखणे



समुद्रपूर तालुक्यात वैशाखाचा सूर्य माथ्यावर आला की रस्ते ओस पडतात. अशा दुपारी शेतातून परतलेली एखादी भगिनी दार लोटून अंधाऱ्या खोलीत आडवी होते. डोक्याचा अर्धा भाग ठणकत असतो, उजेड सोसवत नाही, भांड्याचा आवाजही घणासारखा लागतो आणि पोटात सारखे मळमळते. घरातील कोणी त्याला ऊन लागणे समजतात, कोणी नजर लागणे समजतात, तर कोणी कामाची टाळाटाळ समजून तोंड फिरवतात. ताप काट्यावर दिसतो, जखम डोळ्यांना दिसते. डोकेदुखीला मात्र साक्षीदार नसतो. जिला दुखते तिच्या शब्दावर विश्वास ठेवणे, एवढाच तिचा पुरावा असतो.

आपल्या मराठीत या दुखण्याला अर्धशिशी म्हणतात, कारण ते बहुधा अर्ध्या शिरात उठते. अरबीत त्याचे नाव शकीका आहे आणि त्या शब्दाच्या मुळाशीही दुभंगणे, दोन भाग होणे हाच अर्थ आहे. इंग्रजीतील मायग्रेन हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचाही अर्थ अर्धी कवटी असाच होतो. तीन भाषांतील माणसांनी एकच गोष्ट पाहिली आणि तिला एकच नाव दिले. या दुखण्याचा शांतपणे विचार करून त्याचे प्रकार लिहून ठेवणाऱ्या हकिमांत एक नाव फार मोठे आहे. ते म्हणजे अबू अली अल-हुसैन इब्ने अब्दुल्लाह इब्ने सीना. त्यांचे जीवन आज आपल्यासमोर ठेवायचे आहे, कारण त्यात आपल्या घरातील दुखण्यासाठी दोन मोठे धडे आहेत.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. डोकेदुखी ही ईमानच्या कमजोरीची खूण नाही. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही शकीकाचा त्रास झाला होता. मक्केच्या वाटेवर लहय जमल या ठिकाणी इहरामच्या स्थितीत असताना त्यांनी डोक्यावर हिजामा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढण्याचा उपचार करून घेतला. इमाम बुखारी (रह.) यांनी आपल्या हदीससंग्रहात शकीका व डोकेदुखीवरील हिजामासाठी स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे. प्रेषितांच्या (स.) अखेरच्या आजाराचा आरंभही डोकेदुखीनेच झाला होता. ज्यांच्या दुआ अल्लाहच्या दरबारी सर्वांत प्रिय, त्यांनीही दुआसोबत त्या काळी उपलब्ध असलेला उपचार घेतला. आपल्या तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर, ख्वाजा शेख फरीद यांच्या दर्ग्याकडे, सर्व धर्मांची माणसे मनातील दुःखे घेऊन जातात. आपण मागणे केवळ अल्लाहकडे मागावे आणि त्यानेच निर्माण केलेल्या औषधाकडे पाठ फिरवू नये, हा प्रेषितांचा (स.) मार्ग आहे.

आता इब्ने सीनांकडे वळू या. हिजरी ३७० म्हणजे इसवी सन ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळील अफशना या गावी त्यांचा जन्म झाला. वडील अब्दुल्लाह हे मूळचे बल्खचे. सामानी राजवटीत ते एका परगण्याचा कारभार पाहत. आईचे नाव सितारा. पुढे कुटुंब बुखाऱ्यात राहावयास आले. दहाव्या वर्षापर्यंत या मुलाने कुरआन मुखोद्गत केले आणि अरबी साहित्याचाही मोठा अभ्यास केला. आपल्या देशातून तिकडे गेलेली अंकांची हिशेबपद्धती शिकण्यासाठी वडिलांनी त्याला एका भाजीविक्रेत्याकडे पाठविले. ज्ञान कोणाकडून घ्यावे याबाबत त्या घरात खोटा अभिमान नव्हता, हे लक्षात घ्या. फिकह त्याने इस्माईल अज्-जाहिद यांच्याकडे शिकली, तर्कशास्त्राचा आरंभ अन्-नातिली यांच्याकडे केला आणि लवकरच गुरूंनाच नवे अर्थ सुचवू लागला.

नंतर त्याने वैद्यकशास्त्र हाती घेतले. सोळा वर्षांचा असताना अनुभवी वैद्य त्याच्याजवळ बसून ग्रंथ वाचू लागले होते. तो केवळ ग्रंथांवर थांबला नाही; रुग्ण तपासू लागला आणि अनुभवातून उपचाराची अशी दारे उघडली जी पुस्तकात नव्हती. एखादा प्रश्न सुटला नाही की तो मशिदीत जाई, नमाज अदा करी आणि गाठ उकलावी म्हणून अल्लाहकडे याचना करी. अरस्तूचा पराभौतिक शास्त्रावरील ग्रंथ त्याने चाळीस वेळा वाचला, पाठ झाला, तरी अर्थ उमगला नाही. शेवटी पुस्तकांच्या बाजारात तीन दिरहमांना मिळालेल्या अल-फाराबी यांच्या छोट्या पुस्तकाने तो अर्थ उलगडला. दुसऱ्या दिवशी त्याने आभारादाखल गरिबांना भरपूर सदका वाटला. आपल्या मुलामुलींना अभ्यास अवघड वाटतो तेव्हा ही गोष्ट त्यांना अवश्य सांगा.

सामानी शासक नूह इब्ने मन्सूर आजारी पडला आणि दरबारी वैद्यांचे उपाय थकले, तेव्हा या तरुणाला बोलावणे आले. शासक बरा झाला. तरुणाने मागितली ती राजवाड्यातील ग्रंथालयात वाचण्याची परवानगी. त्या ग्रंथालयात प्रत्येक विषयासाठी वेगळे दालन होते आणि दालनात ग्रंथांच्या पेट्या रचलेल्या होत्या. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत त्याने त्या काळातील बहुतेक शास्त्रे आत्मसात केली होती.

पण ज्ञान लाभले म्हणून जीवन सुखाचे झाले नाही. वडील वारले, सामानी राजवट कोसळली आणि इब्ने सीनांना बुखारा सोडावे लागले. गुरगंज, मग जुरजान, रय, कझवीन आणि हमदान असा हा प्रवास होता. आश्रयदाता मिळावा आणि तो हरपावा, असे पुन्हा पुन्हा घडले. जुरजान येथे अबू उबैद अल-जूजजानी हा शिष्य त्यांना भेटला आणि अखेरपर्यंत सोबत राहिला. गुरूंचे उत्तरार्धातील चरित्र आपल्याला ज्ञात आहे ते या निष्ठावंत शिष्याच्या लेखणीमुळे.

हमदानचा अमीर शम्सुद्दौला पोटशूळाने हैराण झाला होता. इब्ने सीनांनी त्याला बरे केले आणि ते त्याचे वजीर झाले. पण सैन्य बिथरले, त्यांच्या घराला वेढा पडला, मालमत्ता लुटली गेली आणि सैनिकांनी त्यांच्या प्राणांची मागणी केली. अमीराने प्राण वाचविले, मात्र पद काढून घेतले. चाळीस दिवस ते एका परिचिताच्या घरी लपून राहिले. तेवढ्यात अमीराचा पोटशूळ उलटला. त्याने हकिमांना शोधून आणविले, क्षमा मागितली आणि पुन्हा वजीर केले. दिवसभर राज्यकारभार आणि रात्री अध्यापन असा त्यांचा क्रम होता. रात्री शिष्य जमत आणि आळीपाळीने त्यांचे ग्रंथ वाचले जात.

याच धकाधकीत, जुरजानला आरंभ केलेला वैद्यकावरील महाग्रंथ हमदानला पूर्ण झाला. त्याचे नाव अल-कानून फित्-तिब्ब. त्याचे पाच भाग आहेत. पहिल्यात शास्त्राची मूलतत्त्वे, दुसऱ्यात एकेरी औषधे, तिसऱ्यात डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाचे आजार, चौथ्यात ताप आदी सर्वांगाचे आजार आणि पाचव्यात मिश्र औषधे. बाराव्या शतकात तुलैतुला, म्हणजे आजच्या स्पेनमधील टोलेडो शहरी, क्रेमोना येथील जेरार्ड यांनी त्याचे लॅटिन भाषांतर केले. पुढे काही शतके युरोपातील विद्यापीठांत तो शिकविला गेला. आपल्याकडील युनानी हकिमांच्या अभ्यासातही त्याला मानाचे स्थान राहिले.

तिसऱ्या भागाचा आरंभ मस्तकापासून होतो आणि येथेच आपल्या विषयाचा पहिला धडा आहे. इब्ने सीनांनी डोकेदुखी हा एकच आजार मानला नाही. दुखणे एका बाजूला आहे की शिरस्त्राण घातल्यासारखे सर्व डोक्याला व्यापून आहे, कारण डोक्यातच आहे की शरीराच्या दुसऱ्या भागातून आले आहे, उन्हाने वाढते की थंडीने, असे भेद त्यांनी केले. ज्याला उजेड व आवाज सहन होत नाही, कोणाशी बोलावेसे वाटत नाही, अंधारात एकटे पडून राहावेसे वाटते आणि डोक्यावर कोणी हातोडा मारीत असल्यासारखे वाटते, अशा रुग्णाचे वर्णन त्यांनी केले आहे. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमाने त्या अंधाऱ्या खोलीतील रुग्णावर सोंगाचा आरोप केला नाही. त्याने खोलीचा अंधार हेच लक्षण म्हणून नोंदविले.

आजचे वैद्यकही याच वाटेने जाते. अर्धशिशी असल्याचे कोणत्याही यंत्राच्या चित्रात दिसत नाही. तिचे निदान डॉक्टर रुग्णाला नीट विचारूनच करतात. म्हणून आपणही हे भेद जाणून घ्यावेत. सर्वांत जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. तिच्यात डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते. पण माणूस कामधाम करू शकतो. अर्धशिशी बहुधा एका बाजूला, ठोके पडल्यासारखी उठते आणि उपचार न केल्यास चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत टिकते. हालचालीने ती वाढते, मळमळ किंवा उलटी होते, उजेड-आवाज नकोसा होतो. काहींना आधी डोळ्यांसमोर चमकणाऱ्या नागमोडी रेषा दिसतात. तिसरा प्रकार विरळा, पण भयंकर आहे. त्यात एका डोळ्याभोवती असह्य कळ येते, तोच डोळा लाल होऊन पाणी वाहते आणि दुखणे पाव तासापासून तीन तासांपर्यंत राहते. कित्येक दिवस किंवा आठवडे ते पुन्हा पुन्हा येत राहते.

अर्धशिशी जगात शंभर कोटींहून अधिक लोकांना आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत तिचे प्रमाण दोन ते तीन पट आहे आणि ती अनेकदा घराण्यात चालत येते. चेहरा व मस्तक यांच्या संवेदना वाहून नेणारी मज्जा आणि मेंदूची अतिसंवेदनशीलता हे तिचे मूळ आहे. उपाशी राहणे, झोप मोडणे, कडक ऊन, पाणी कमी पिणे, मासिक पाळीचे दिवस ही तिला जागे करणारी निमित्ते आहेत. म्हणून आपली पत्नी, बहीण वा सून दर महिन्याला दोन दिवस अंधारात पडून राहत असेल, तर तिला आळशी ठरवू नका. तिला विश्रांती देणे आणि डॉक्टरांकडे नेणे हा तिचा आपल्यावरील हक्क आहे.

अल-जूजजानी यांनी आपल्या गुरूंच्या स्वतःच्या डोकेदुखीचा एक प्रसंग नोंदविला आहे. एकदा इब्ने सीनांचे डोके फार दुखू लागले. दूषित द्रव्य मस्तकाच्या आवरणात उतरेल आणि तेथे सूज येईल, अशी त्यांना भीती वाटली. त्यांनी भरपूर बर्फ मागविला, तो फोडून कापडात गुंडाळला आणि त्याने डोके झाकून ठेवले. आराम पडेपर्यंत ते हेच करीत राहिले आणि बरे झाले. त्यांची दूषित द्रव्याची कल्पना आजचे शास्त्र मानीत नाही. पण थंड शेकाने अर्धशिशीत अनेकांना आराम पडतो, हे मात्र आजही दिसते. आपल्या घरी ओल्या फडक्यात बर्फ गुंडाळून कपाळ व मानेवर थोडा वेळ ठेवता येतो. ख्वारज्म येथील क्षयाच्या एका स्त्रीला त्यांनी इतर सर्व औषधे बंद करून केवळ साखर व गुलाबाच्या पाकळ्यांपासून केलेला गुलकंद दिला आणि ती बरी झाली, असेही शिष्य सांगतो. असे अनुभव ते कानूनमध्ये घालणार होते. पण ती टिपणे ग्रंथ पूर्ण होण्याआधीच हरवली. हरवलेल्या त्या पानांची हळहळ वाचकाला आजही वाटते.

शम्सुद्दौलाच्या निधनानंतर दिवस पुन्हा फिरले. इस्फहानच्या शासकाशी गुप्त पत्रव्यवहार केल्याच्या आरोपावरून त्यांना फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली. कैदेतही लेखणी थांबली नाही. तेथे लिहिलेल्या पुस्तकांत पोटशूळावरील एक पुस्तक होते. पुढे सूफीच्या वेशात ते हमदानमधून निसटले आणि इस्फहानला अलाउद्दौलाच्या आश्रयास आले. तेथे त्यांना मान व स्वास्थ्य लाभले.

आणि आता दुसरा धडा. ज्या पोटशूळाने एका अमीराला त्यांच्या दाराशी आणले, ज्यावर त्यांनी कैदेत पुस्तक लिहिले, तोच त्यांना स्वतःला जडला. अलाउद्दौला मोहिमेवर होता. पराभव झाला तर आजारपणात मागे राहू, या भीतीने त्यांना झटपट बरे व्हायचे होते. त्यांनी एकाच दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्यांना जखमा झाल्या. दुसऱ्या एका औषधात नोकराने अफू प्रमाणाबाहेर मिसळली. त्यानंतरही त्यांनी पथ्य पाळले नाही. थोडे बरे वाटले की नेहमीसारखे वागत. अखेर हमदानच्या वाटेवर त्यांनी ओळखले की या शरीराचा कारभार पाहणारा आता थकला आहे, आणि उपचार सोडून दिले. त्यांनी तौबा केली, गुलामांना मुक्त केले, संपत्ती गरिबांत वाटली आणि कुरआन-पठणात दिवस घालविले. हिजरी ४२८, इसवी सन १०३७ मध्ये, रमजान महिन्यात ते हमदान येथे निवर्तले. त्यांची कबर तेथेच आहे.

वाचकहो, त्या युगातील सर्वांत मोठ्या हकिमाला औषध कोणते हे ठाऊक होते. घाईत प्रमाण सुटले. आपल्या घरातही हेच घडत असते. डोके दुखले की दुकानातून गोळी आणायची, रोज एक, मग दोन. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात पंधरा दिवस किंवा अधिक, आणि मिश्र गोळ्या दहा दिवस किंवा अधिक, असे काही महिने चालले, तर त्या गोळ्यांनीच नवी डोकेदुखी निर्माण होते. शिवाय पोट व मूत्रपिंड यांना अपाय होतो तो वेगळाच. गोळी डॉक्टरांनी सांगितलेली असावी, दुखणे सुरू होताच घ्यावी आणि आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त लागू लागली तर त्यांना पुन्हा विचारावे. वारंवार उठणाऱ्या अर्धशिशीसाठी ती येऊच नये म्हणून घ्यायची वेगळी औषधे असतात. एका वहीत तारीख, वेळ, जेवण, झोप आणि घेतलेली गोळी लिहून ठेवा. ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

काही डोकेदुखींत मात्र एक तासही वाट पाहू नये. क्षणात वीज कोसळावी तशी आयुष्यातील सर्वांत तीव्र कळ उठणे. तापासोबत मान ताठ होणे. हातपाय लुळे पडणे, बोलणे अडखळणे, दृष्टी जाणे किंवा झटका येणे. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत जाणे. गरोदरपणात तीव्र डोकेदुखी होणे, अशा वेळी रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही लवकर तपासून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारखी संस्था आहे. अशा प्रसंगी आधी झाडफूक करून मग रुग्णालयात जाणे म्हणजे अल्लाहने दिलेला वेळ वाया घालविणे होय.

रमजानमध्ये पहिल्या काही रोजांत अनेकांचे डोके दुखते. उपवास, कमी पाणी, मोडलेली झोप आणि सवयीचा चहा अचानक सुटणे ही त्याची कारणे असतात. शाबानपासूनच चहा हळूहळू कमी करा, सहरी चुकवू नका, इफ्तार ते सहरी या वेळात पुरेसे पाणी प्या. तीव्र अर्धशिशीच्या रुग्णांनी रमजानपूर्वी डॉक्टर व आलिम या दोघांचाही सल्ला घ्यावा. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनने दिली आहे. ती घेण्यात कमीपणा नाही.

इब्ने सीनांच्या तत्त्वज्ञानातील काही मतांवर इमाम गजाली (रह.) यांनी कठोर टीका केली, आणि त्यांच्या खासगी वर्तनात अनुकरणीय नसलेल्या गोष्टीही होत्या, हे नमूद केलेच पाहिजे. मोठ्या माणसाचे चांगले ते घ्यावे आणि चुकले तेथे सावध व्हावे. घेण्यासारखे आहे ते त्यांचे लक्षपूर्वक पाहणे, रुग्णाच्या सांगण्यास मान देणे. सावध होण्यासारखा आहे तो त्यांच्या अखेरच्या दिवसांतील उतावीळपणा.

आज आपल्या घरी कोणाचे डोके दुखत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, कशाने वाढते, हे आपुलकीने विचारा, आवाज हलका ठेवा, पडदा ओढून घ्या. अल्लाह आपल्या सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो आणि आपल्याला त्यांचे दुःख समजून घेण्याची बुद्धी देवो. आमीन.